वाकी घेताना आधी दंड मोजा: जळगाव-धुळ्याच्या बाजारातल्या वाक्या, बाजूबंद आणि येळ्यांची पारख

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर जळगावच्या सुभाष चौकात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर वाकी घेणारे बहुतेक जण ती शेवटी घेतात. आधी मंगळसूत्र, पाटल्या, नथ, आणि पैसे उरले तर वाकी. ट्रेमधला मोर आवडतो, वजन परवडतं, दुकानातल्या आरशासमोर दंडावर धरून बघितलं जातं आणि बिल होतं. मग लग्नाच्या दिवशी वाकी हळूहळू खाली सरकते आणि नवरी दर पाच मिनिटांनी ती वर ओढत बसते. किंवा उलट होतं: संध्याकाळपर्यंत दंडावर लाल वळ उठतो आणि वाकी पर्समध्ये जाते.

यात दोष नक्षीचा नसतो. मोर, लक्ष्मी, खडे, मीना हे सगळं पुढच्या दोन-तीन इंचांत असतं. बिघडते ती मागची बाजू: पेच, बिजागरी, दोरीची कडी आणि मुळात चुकलेला घेर. म्हणून खान्देशच्या बाजारात मिळणाऱ्या दंडाच्या दागिन्यांची ही पारख आम्ही मागच्या बाजूने केली आहे.

माप

बांगडीचं माप सगळ्यांना पाठ असतं, दंडाचं कुणालाच नसतं. शिंप्याची कापडी टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून घेर मोजा. मग मूठ वळून कोपर दुमडा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. दोन मापांत दीड ते अडीच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. न उघडणारं कडं घ्यायचं असेल तर दुसरं, म्हणजे मोठं माप धरायचं. दोरीचा बाजूबंद असेल तर पहिलं माप पुरतं, कारण दोरी सैल करता येते.

दोन्ही दंड मोजा. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा दंड डाव्यापेक्षा थोडा जाड असू शकतो, आणि जोड मात्र एकाच मापाचा मिळतो. माप संध्याकाळी घ्या. खान्देशातली लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना होतात, आणि उन्हात हात सुजतात. जानेवारीतल्या सकाळी मापलेली वाकी मेमध्ये रुतते. ब्लाउजच्या बाहीवर घालणार असाल तर अर्धा ते एक सेंटीमीटर वाढवा. पैठणीच्या जाड काठाची अस्तर लावलेली बाही असेल तर एक सेंटीमीटरच धरा.

बरोबर बसलेल्या वाकीखाली एक बोट आरामात सरकतं, दोन बोटं सरकली तर ती कोपरावर येणारच. दंड वरून खाली निमुळता होत जातो, त्यामुळे सैल दागिना खालीच घसरतो. हे थांबवायचा स्वस्त उपाय शिंप्याकडे आहे: बाहीच्या काठापासून दोन बोटं वर, मागच्या बाजूला, ब्लाउजच्याच रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास शिवून घ्यायचा आणि बाजूबंदाची दोरी त्यातून ओवायची. आतून मखमलीची पट्टी लावली तरी पकड येते, पण घामाने ती कुबट होते, म्हणून सुटी होणारी हवी.

सोन्याची वाकी

वाकी आणि बाजूबंद ही नावं दुकानात सरमिसळ वापरतात, पण घडण वेगळी आहे. वाकी एकसंध असते आणि पुढून उलट्या व्ही अक्षरासारखी वाकलेली असते. हा वाक केवळ शोभेचा नाही. कोपर दुमडल्यावर दंडाचा स्नायू पुढच्या बाजूला फुगतो, आणि वाकीचं टोक वर गेलेलं असल्यामुळे त्या फुगवट्याला जागा मिळते, चिमटा बसत नाही. सरळ गोल कड्यात ही सोय नाही. म्हणूनच दिवसभर घालायची असेल तर व्ही आकाराचीच घ्या, आणि वाक नीट खोल आहे ना ते बघा. हलक्या वजनाच्या नव्या घाटांत हा वाक फक्त नावापुरता असतो.

वजनाचा हिशेब घरीच करता येतो. दंडाचा घेर २७ सेंटीमीटर, पट्टी ४ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड धरली तर आकारमान १.०८ घन सेंटीमीटर होतं. २२ कॅरेट सोन्याची घनता सुमारे १७.७, म्हणजे वजन साधारण १९ ग्रॅम. यात नक्षी, खडे, पेच काहीच धरलेलं नाही. याच मापाची वाकी कुणी १० ग्रॅममध्ये देत असेल तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आला आहे. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, त्याहूनही पातळ. अशी वाकी पहिल्यांदा घालताना सुंदर दिसते, तिसऱ्यांदा घालताना तिला पोचे पडलेले असतात, आणि पातळ पत्र्यावरचा पोचा काढताना नक्षी सपाट होते. पोकळ नळीची असेल तर पोचा आतून ढकलून काढायला जागाच नसते. त्यामुळे १५ ग्रॅमच्या खाली पूर्ण वेढ्याची सोन्याची वाकी घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तेवढं बजेट नसेल तर पुढचं तोंड सोन्याचं आणि मागे दोरी असा बाजूबंद घ्या. तेवढ्याच सोन्यात तो कितीतरी जास्त टिकतो.

उघडणाऱ्या वाकीत दोन प्रकारचे जोड येतात. एक मळसूत्राचा पेच, दुसरा खटका. पेच घेताना तो स्वतः फिरवून बघा. किमान चार-पाच आटे पूर्ण बसले पाहिजेत आणि शेवटी पेच डगमगता कामा नये. २२ कॅरेट सोनं मऊ, त्यामुळे आटे झिजतात. पेच तिरका लावून जोर दिला की पहिलाच आटा चेपतो आणि मग तो कधीच सरळ बसत नाही. आधी उलट दिशेने अर्धा वळसा फिरवायचा, टक असा हलका आवाज आला की सुलट फिरवायचा. खटक्यात आतली जीभ दाबाने वर राहते, पण मऊ सोन्याला स्प्रिंगचा गुण फारसा नसतो. वीस-पंचवीस वेळा उघडमीट झाली की जीभ बसते. सोनार ती पाच मिनिटांत उचलून देतो, पण तेवढ्यात वाकी कुठे पडली असेल तर काय? म्हणून जोड कोणताही असो, सोबत तीन-चार सेंटीमीटरची सुरक्षेची साखळी लावून घ्या. दुकानदार ती आपणहून सुचवत नाही, मागावी लागते.

बिजागरी बघताना वाकी उघडून दोन्ही अर्धे हलकेच विरुद्ध दिशांना पिळा. कडकड वाजली किंवा बाजूला सरकली तर आतली काडी पातळ आहे. काडीची दोन्ही टोकं डाक देऊन, म्हणजे धातू वितळवून सांधून, बंद केलेली असावीत. नुसती चेपलेली असतील तर वर्षभरात एक टोक बाहेर येतं आणि साडीचे धागे ओढतं.

चाळीसगावजवळच्या सातमाळा डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिच्यावरच्या ब्राह्मी लेखानुसार ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली. ख्रिस्तपूर्व काळातला एक सोनार दगडावर हात चालवतो आणि त्यावर स्वतःचं नाव कोरतो, ही आपल्या भागातल्या कारागिरीची फार मोठी खूण आहे. आज वाकी कुणी घडवली हे बिलावर कधीच येत नाही. तरीही घडवून घेणार असाल तर कारागिराशी थेट बोलायचा आग्रह धरा. घेर, वाकाची खोली आणि जोड या तीन गोष्टी काउंटरवरच्या माणसापेक्षा त्याला सांगितलेल्या बऱ्या.

पट्ट्यांचा बाजूबंद

आमच्या पसंतीत हा पहिला. बाजू म्हणजे फारसीत हात, बंद म्हणजे बांधायचं ते. त्याआधी संस्कृतात केयूर आणि अंगद हे शब्द होते, आणि अमरकोशात ते समानार्थी दिले आहेत. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठेक किलोमीटरवर. तिथल्या चित्रांत राजापासून सेवकापर्यंत अनेकांच्या दंडांवर केयूर दिसतात, आणि पुरुषांच्याही. दंडाचा दागिना बायकांचा, ही समजूत अलीकडची आहे. लाहोरचे महाराजा रणजितसिंह कोहिनूर हिरा दंडावरच्या बाजूबंदात घालत. त्या बाजूबंदात मधे कोहिनूर आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान हिरा होता, आणि तो रेशमी दोरीने बांधायचा. मोठा हिरा १८४९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८५२ मध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले गेले. दागिन्याची रचना मात्र तीच राहिली. मधे मोठं पदक, बाजूला लहान पट्ट्या, शेवटी कड्या आणि दोरी: आजही जळगावात बाजूबंद मागितला की हेच समोर येतं.

या रचनेचे फायदे खरे आहेत. पट्ट्या एकमेकींत हलत असल्यामुळे दंड वळला तरी दागिना अंगाला धरून राहतो. माप चुकलं तर एक पट्टी काढता किंवा वाढवता येते, आणि एका पट्टीने दीड-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. जावा-नणंदांत, मायलेकींत दागिना फिरतो तिथे तर याला तोड नाही. घेताना पट्ट्यांची संख्या विषम असलेली बघा, पाच किंवा सात, म्हणजे मधलं पदक दंडाच्या बरोबर मधोमध येतं. बाजूबंद उलटा करून टेबलावर पसरा आणि दोन्ही टोकांनी हलकेच ताणा. प्रत्येक जोडात सारखीच फट दिसली पाहिजे. एकाच जोडात फट मोठी असेल तर ती कडी डाक न देता नुसती वळवलेली आहे, आणि तुटणार तीच.

दोरी हा याचा सर्वांत दुर्लक्षित भाग. दुकानातून येणारी चमकदार नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, गाठ सुटते. दागिन्यांना गोफ ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे जाऊन रेशमी किंवा सुती गोफ लावून घ्या, दोन्ही बाजूंना ३० ते ३५ सेंटीमीटर, टोकाला गोंडा आणि मधे सरकती गाठ. गोंडा नुसता शोभेचा नसतो, त्यामुळे सरकती गाठ दोरीतून निघून जात नाही. जळगाव, अमळनेर, चोपड्याकडे पटवेकरी अजून आहेत. काम थोड्या पैशांत होतं आणि दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. गोफ जिथे सोन्याच्या कडीतून जातो तिथे तो झिजतो, म्हणून दर मोसमाआधी ती जागा बोटाने चाचपून बघा. कडीची आतली धार हाताला लागत असेल तर सोनाराकडून घासून गोल करून घ्या, नाहीतर कितीही चांगला गोफ कापला जाईल.

मीनाकाम केलेला बाजूबंद घ्यायचा असेल तर माप शंभर टक्के पक्कं करूनच घ्या. मीना म्हणजे काचेचा थर. नंतर डाक देताना ताव, म्हणजे आच, लागली की तो तडकतो, आणि नवा मीना जुन्या रंगाला क्वचितच जुळतो.

लाख भरलेल्या बाजूबंदांबद्दल मात्र सावध. पातळ पत्र्याच्या पोकळ पट्टीत लाख, राळ आणि विटेची पूड यांचं मिश्रण भरतात. त्याने पत्र्याला आधार मिळतो, पोचे पडत नाहीत, आणि कमी सोन्यात भरदार दागिना होतो. पद्धत जुनी आणि चांगली आहे. अडचण दोन ठिकाणी येते. लाख ६५-७० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान होऊ शकतं. डॅशबोर्डवर ठेवलेल्या बाजूबंदातून लाख पाझरून मखमलीला चिकटलेली सोनारांनी पुष्कळदा पाहिली आहे. दुसरी अडचण हिशेबाची. बिलावर एकूण वजन, निव्वळ वजन आणि लाखेचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. मोडीच्या वेळी लाख वजा होणारच, तेव्हा घेतानाही ती सोन्याच्या भावाने घ्यायचं कारण नाही. खड्यांचंही तेच.

चांदीचे येळे आणि कडी

शहरातल्या शोकेसमध्ये चांदीच्या वाक्या ऑक्सिडाइज्ड काळ्या रंगात, नवरात्राच्या गरब्यासाठी दिसतात. पण खान्देशात दंडावरची खरी चांदी बघायची तर नंदुरबार, शहादा, धडगाव, अक्कलकुवा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत आणि काठीच्या राजवाडी होळीला भिल्ल-पावरा बायका जो चांदीचा साज घालतात, त्यात दंडावरची भरीव कडी वजनानेच ओळखू येतात. ती जोराने दाबली तरी वाकत नाहीत. गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या दंडातला चांदीचा येळाही याच जातीचा, रोज घालायचा आणि शेतातही घालायचा. बंजारा तांड्यांवर कोपराच्या वर बांगड्यांची रांगच असते, पूर्वी हस्तिदंताची किंवा हाडाची, आता प्लास्टिकची. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, त्यामुळे कुणी जुना म्हणून विकायला आणला तरी घेऊ नका. मोहेंजोदडोला १९२६ मध्ये सापडलेली साडेदहा सेंटीमीटर उंचीची काशाची नर्तिका डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या घालून उभी आहे. तांड्यावरचा भरलेला दंड बघितला की ती आठवल्याशिवाय राहत नाही.

रोज घालायला चांदीची व्ही आकाराची वाकी हीच सर्वांत चांगली खरेदी. ६ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टीची, २७ सेंटीमीटर घेराची वाकी साधारण २५ ग्रॅम भरते, म्हणजे जोड ५० ग्रॅमचा. मागून उघडी असते, पेच नाही, बिजागरी नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. एवढंच बघा की चांदी ९२५, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध, असावी. शुद्ध ९९९ चांदी या कामाला मऊ पडते, ओढली की उघडीच राहते. ९२५ मध्ये तांबं मिसळलेलं असल्यामुळे ती परत मिटते.

उघडी वाकी घालण्याची रीत मात्र नीट शिकावी लागते. दोन्ही टोकं हाताने फाकवून दंडावर दाबायची नाहीत. कोपराच्या लगेच वर दंड सर्वांत बारीक असतो, तिथे आतल्या बाजूने एक टोक टेकवा, वाकी फिरवत दुसरं टोक आणा आणि मग वर सरकवा. फाकवण्याची सवय लागली की टोकांच्या बरोबर समोरच्या जागेवर सगळा ताण येतो. तिथली चांदी प्रत्येक वेळी थोडी कडक होते, आणि एक दिवस बारीक चीर दिसते. चीर दिसली तर लगेच सोनाराकडे न्या. ताव देऊन, डाक भरून ती वाचते. पूर्ण तुटल्यावर जोडलेली वाकी त्याच जागी पुन्हा तुटते.

चांदीच्या नावाखाली जर्मन सिल्व्हर खपवलं जातं, जत्रेत आणि ऑनलाइन दोन्हीकडे. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. निकेलमुळे अनेकांच्या कातडीवर पुरळ उठतं, आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी नाजूक. लोहचुंबक लावून खात्री होत नाही, कारण लोहचुंबक फक्त लोखंडासारख्या धातूंना पकडतं, जर्मन सिल्व्हर त्यातून सुटून जातं. कसोटीच्या दगडावर कस लावून बघणं किंवा दुकानातल्या मशीनवर तपासून घेणं, एवढाच मार्ग. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही ओळख क्रमांकासह हॉलमार्क ऐच्छिकपणे मिळतो. दुकानदाराला तसा जोड मागा.

घरात आजीचे जाड येळे असतील तर कृपा करून मोडू नका. मोडीत फक्त चांदीचा भाव येतो, आणि तसा भरीव, हाताने ठोकून केलेला येळा आज घडवायला गेलात तर मजुरी देऊनही तो हात मिळत नाही.

मोती आणि एक ग्रॅम

मोत्याचे बाजूबंद नऊवारीवर देखणे दिसतात. त्यांची कमजोरी दोऱ्यात आहे. मोत्याच्या भोकाची कड दोरा कापते, घामाने दोरा सैल होतो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारलेली असेल तर तुटल्यावर एकच मोती जातो, नसेल तर सगळे मांडवभर पसरतात. विकत घेताना गाठी मोजा. अत्तर, लिंबू, चिंच, डिटर्जंट यांपासून मोती दूर ठेवा, त्यांनी मोत्यांची झळाळी जाते.

एक ग्रॅमच्या वाकीत खाली तांबं किंवा पितळ असतं आणि वर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. दोन-चार कार्यक्रमांसाठी, फोटोसाठी, लावणीच्या पोशाखासाठी ती योग्य आहे, आणि तेवढ्यासाठी ती घेण्यात काहीच वावगं नाही. मुलामा आधी कडांवर आणि आतल्या बाजूला उडतो, कारण घासली जाते तीच जागा. आतून रंगहीन नेलपॉलिशचा एक थर दिला तर दंड हिरवा होत नाही. हिला डाक देता येत नाही, तावाने मुलामा जळतो. त्यामुळे पेच तुटला की ती संपली, असं समजूनच किंमत ठरवा.

कापडी फीत आणि ताईत

दंड ही सगळ्यांना दिसणारी आणि कामाच्या आड न येणारी जागा, म्हणून दागिन्याखेरीजही तिथे बरंच बांधलं जातं. प्रवासाला निघणाऱ्याच्या किंवा नवरदेवाच्या दंडावर मुस्लिम घरांत इमाम जामिन बांधतात, कापडात नाणं गुंडाळून. ताईत आणि काळा दोरा सगळ्याच समाजांत आहे. ताईताची पेटी चांदीची घेत असाल तर झाकणाला पेच असलेली घ्या, दाबून बसणारं झाकण घामाने सुटतं. निषेधाच्या किंवा शोकाच्या काळ्या फितीला पाच सेंटीमीटर रुंदीचं सुती कापड पुरे. सॅटिन घेऊ नका, ते बाहीवरून घसरतं. २००३ च्या विश्वचषकात हरारेच्या मैदानावर अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी झिम्बाब्वेतल्या लोकशाहीच्या मरणाचा शोक म्हणून दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. एवढ्याशा कापडाने सांगता येतं ते असं.

बिल

२२ कॅरेटच्या २० ग्रॅम वाकीत शुद्ध सोनं १८.३२ ग्रॅम असतं. मजुरी १२ टक्के लावली तर ते २.४ ग्रॅम सोन्याचे पैसे झाले, १८ टक्के लावली तर ३.६ ग्रॅमचे. मोडीच्या वेळी यातलं काहीच परत येत नाही. दोन दुकानांत भाव सारखाच असतो, फरक इथे पडतो, म्हणून घासाघीस भावावर न करता मजुरीवर करा. घट, म्हणजे घडवताना वाया गेलेलं सोनं, वेगळी लावली आहे का ते विचारा. मजुरीतही घट आणि खाली पुन्हा घट असं झालं असेल तर एक काढायला सांगा.

हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, नसलेला सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. वाकीवर हे चिन्ह बहुतेक वेळा आतल्या बाजूला, जोडाजवळ असतं. भिंगाने वाचा, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाका आणि दागिन्याचा प्रकार व शुद्धता जुळते का बघा. जोड घेतला असेल तर दोन्ही नग स्वतंत्रपणे तपासा. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामाला या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कुंदनाच्या बाजूबंदात शुद्धतेचा एकमेव पुरावा म्हणजे तुमचं बिल. त्यावर कॅरेट, निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वापर आणि ठेव

सोनं रिठ्याच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून मऊ ब्रशने घासा, बिजागरीत पाणी राहू देऊ नका. लाख भरलेला किंवा मोत्याचा बाजूबंद पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या कापडाने पुसायचा. साध्या चांदीसाठी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरतं. ऑक्सिडाइज्ड नक्षीला हे करू नका, मुद्दाम दिलेला काळा रंगच निघून जाईल. टूथपेस्टने चरे पडतात. चांदीचा जोड रबरबँडने बांधून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. रबरात गंधक असतं आणि रबर टेकलेल्या जागी काळी रेघ पडते. सुती दोऱ्याने बांधा आणि हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

घालताना क्रम लक्षात ठेवा: आधी अत्तर आणि क्रीम, ते सुकल्यावर वाकी. मळणी यंत्राजवळ काम करताना येळा किंवा दोरीचा बाजूबंद अंगावर नको, गोंडा सहज ओढला जातो. रक्तदाब मोजताना आणि एमआरआयच्या आधी काढावा लागतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या दंडावर घट्ट काहीही घालू नये असं डॉक्टर सांगतात, कारण हाताला सूज येऊ शकते. अशा वेळी दुसऱ्या दंडावर एकच वाकी घाला. बोटांना मुंग्या आल्या किंवा हात थंड वाटला तर कार्यक्रम संपायची वाट न बघता ती लगेच काढा.